आमाल्फी

आमाल्फी : दक्षिण इटलीच्या कँपेनिया विभागातील एक ऐतिहासिक नगर व मध्ययुगीन सागरी प्रजासत्ताकाची राजधानी. लोकसंख्या सु. ५,०००. हे सालेर्नोच्या आखातावर, सालेर्नो शहराच्या पश्चिमेस, लात्तारी पर्वतातील एका अरुंद घळीच्या मुखाशी वसले आहे. मागे उभे कडे, समोर समुद्र आणि मधून वाहणारा कान्नेतो हा ओढा, एवढाच त्याचा विस्तार. लागवडीस सपाट जमीन नसल्याने येथील लोक प्रारंभापासून समुद्राकडे वळले. एवढ्याशा जागेतून दोन-अडीच शतके पूर्व भूमध्य समुद्रातील व्यापार चालविला गेला, हे आज तेथे जाणाऱ्यास सहजासहजी पटत नाही.

आमाल्फीचा उल्लेख पोप पहिला ग्रेगरी याच्या ५९६ मधील एका पत्रात येतो. त्या वेळी ते बायझंटिन सत्तेखालील नेपल्सच्या अंमलातील एक तटबंदीचे ठाणे होते. ८३८ मध्ये बेनेव्हेंतोचा लाँबर्ड अधिपती सिकार्द याने ते घेतले व येथील बऱ्याच रहिवाशांना सालेर्नोस नेले. पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला. तेव्हा हे लोक परतले आणि नेपल्सचे वर्चस्व झुगारून त्यांनी आपला कारभार स्वतंत्रपणे सुरू केला (८३९). ८४९ मधील ऑस्तियाच्या नाविक युद्धात आमाल्फीची जहाजे नेपल्स व गाएता यांच्या बाजूने अरबांविरुद्ध लढली. तथापि एरवी अरबांशी व्यापार करण्यास आमाल्फीकरांनी कधी अनमान केला नाही. त्यांच्या भरभराटीचे मर्म यातच आहे. कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाचे नाममात्र स्वामित्व मान्य करावयाचे, ईजिप्त व सिसिली येथील मुसलमानी राज्यांशी सलोखा ठेवावयाचा आणि लाँबर्ड शेजाऱ्यांस दूर ठेवावयाचे, हे त्यांचे धोरण होते. लाकूड व धान्य बाहेर जाई. रेशमी वस्त्रे, मसाले आणि सोने परत येई. तारी हे त्यांचे सोन्याचे नाणे अरबी नाण्याच्या धर्तीचे होते. ९५८ पासून येथील प्रमुख ड्यूक ही पदवी धारण करू लागला.

अकराव्या शतकात आमाल्फीकरांची वसाहत कॉन्स्टँटिनोपलमध्ये होती, ॲथॉस पर्वतावर त्यांचा बेनेडिक्टाइन मठ होता आणि जेरूसलेममध्ये त्यांनी यात्रेकरूंसाठी रुग्णालय उभारले होते. या रुग्णालयातूनच पुढे हॉस्पिटलर सरदारांचा संघ निर्माण झाला. त्यास पोप दुसरा पास्काल याने १११३ मध्ये मान्यता दिली.

आमाल्फीचा ऱ्हास १३४३ च्या वादळाने झाला, अशी समजूत प्रवासी साहित्यात वारंवार आढळते. ती ग्राह्य नाही. १०७३ मध्ये नॉर्मन सरदार रॉबर्ट गीस्कार याने नगर हस्तगत केले. १०९६ मध्ये उठाव करून मिळविलेले स्वातंत्र्य जेमतेम चार वर्षे टिकले आणि ११३१ मध्ये दुसऱ्या रॉजरने ते कायमचे संपविले. याहून घातक आघात तहनाम्याच्या कागदावर झाला होता. नॉर्मनांविरुद्ध केलेल्या साहाय्याबद्दल बायझंटिन सम्राट पहिला अलेक्सियस याने व्हेनिसला जकातमाफी दिली आणि कॉन्स्टँटिनोपलमध्ये दुकाने असलेल्या आमाल्फीकरांनी व्हेनिसच्या संत मार्क चर्चला वार्षिक कर द्यावा, असे ठरविले. स्वतःच्या जुन्या पेठेत प्रतिस्पर्ध्यास कर भरण्याची पाळी नॉर्मन सत्तेच्या या प्रजाजनांवर आली. ११३५ व ११३७ मध्ये पीसाच्या आरमाराने नगर लुटले. जस्टिनियनच्या विधिसंहितेची प्रसिद्ध हस्तलिखित प्रत याच लुटीत पीसाला गेली, अशी आख्यायिका आहे. संशोधक ती संशयास्पद मानतात. १३४३ च्या नोव्हेंबरमध्ये समुद्राने किनाऱ्यालगतचा भाग व बंदर गिळले, तेव्हा प्रजासत्ताक संपून दोन शतके लोटली होती. त्या उत्पाताचे भयानक वर्णन त्या वेळी नेपल्समध्ये असलेल्या पीत्रार्कने एका पत्रात केले आहे. स्ट्राँबोली या ज्वालामुखी बेटाचा कडा कोसळून उसळलेली त्सुनामी हे त्याचे कारण असावे, असे मत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मांडण्यात आले आहे.

सत्ता गेली, तरी नाविक कायदा राहिला. जहाजाचा मालक, मालाचा धनी आणि खलाशी यांचे हक्क, नफ्याची वाटणी व समुद्रात माल फेकून द्यावा लागल्यास नुकसानीची विभागणी यांसंबंधीचे नियम ‘ताब्युला आमाल्फिताना’ या संहितेत आहेत. तिची काही कलमे लॅटिनमध्ये, तर उरलेली इटालियनमध्ये आहेत. व्हिएन्नाच्या ग्रंथालयात असलेले तिचे हस्तलिखित १९२९ मध्ये इटलीस परत मिळाले व ते आमाल्फी येथे ठेवण्यात आले.

होकायंत्राचा शोध आमाल्फीच्या फ्लाव्हिओ जोया याने लावला, ही कथा मात्र निराधार आहे. फ्लाव्हिओ बियोंदो या इतिहासकाराने हा शोध आमाल्फीकरांचा असल्याचे नमूद केले होते; सोळाव्या शतकात त्याचा हवाला देणाऱ्या एका लॅटिन वाक्याचा अन्वय चुकल्याने हवाला देणाऱ्याचे नाव संशोधकाला चिकटले. वस्तुतः चुंबकसूची चीनमध्ये अकराव्या शतकात माहीत होती. तथापि समुद्रासमोरील चौकात जोयाचा पुतळा उभा असून चौकासही त्याचेच नाव आहे. सुईच्या उपयोगात आमाल्फीच्या नावाड्यांनी सुधारणा केली असणे संभवनीय आहे. परंतु त्यांतील एकाचेही नाव उपलब्ध नाही.

नगरातील प्रमुख वास्तू म्हणजे संत अँड्रूचे कॅथीड्रल. त्याचे ब्राँझचे दरवाजे पांतालेओने या आमाल्फीच्या धनिकाने सु. १०६० मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून करवून आणले. ते इटलीतील अशा दरवाजांपैकी सर्वांत जुने समजले जातात. संत अँड्रूचे अवशेष चौथ्या धर्मयुद्धानंतर कार्डिनल प्येत्रो कापुआनो याने १२०८ मध्ये येथे आणले. शेजारच्या ‘स्वर्गप्रांगणा’त (१२६६–६८) परस्परांस छेदणाऱ्या अणकुचीदार कमानी अरबी शिल्पाची आठवण देतात, हे उमराव घराण्यांचे दफनस्थान होते. मध्ययुगीन म्हणून ज्याची छायाचित्रे घेतली जातात, तो रंगीत दर्शनी भाग १८६१ च्या पडझडीनंतर पुन्हा बांधलेला आहे. त्यामानाने जहाजबांधणीच्या गोदीची उरलेली दोन दालने अधिक अस्सल आहेत. त्यांचा समुद्राकडील भाग नष्ट झाला आहे.

कान्नेतोच्या काठाने वर गेल्यास कागदाच्या जुन्या गिरण्या लागतात. अरबांकडून शिकलेल्या या कलेने चिंध्यांपासून उत्तम कागद बनविला जाई. सम्राट दुसरा फ्रीड्रिख याने १२३१ मध्ये सार्वजनिक दस्तऐवजांसाठी कागद वापरण्यास मनाई केली. तरीही हा धंदा टिकला. एका गिरणीत सध्या कागदाचे संग्रहालय आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कड्यातून कोरून काढलेला रस्ता होईपर्यंत येथे होडीने किंवा खेचरांच्या वाटेनेच यावे लागे. त्यानंतर प्रवाशांचा ओघ सुरू झाला. नॉर्वेजियन नाटककार इब्सेनने ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकाचे लेखन १८७९ मध्ये येथील मुक्कामात केले. १९९७ मध्ये हा किनारा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. लिंबाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा व पर्यटन हे येथील आजचे मुख्य व्यवसाय होत. आमाल्फी, व्हेनिस, जेनोआ व पीसा या चार जुन्या सागरी प्रजासत्ताकांमध्ये १९५६ पासून आळीपाळीने नौकाशर्यती भरविल्या जातात. इटलीच्या नौदलाच्या ध्वजावरही या चौघांची चिन्हे एकत्र आहेत.