नाट्यछटा म्हणजे स्वगत नव्हे!

मराठीच्या उत्तरपत्रिकांत ‘स्वगत’, ‘नाट्यछटा’ आणि ‘एकपात्री’ हे शब्द अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. एकच व्यक्ती बोलताना दिसते, एवढ्या साम्यावरून हा घोटाळा होतो. तो टाळायचा तर बोलणारा कोणाशी बोलत आहे, हे आधी पाहावे.

स्वगतात पात्र स्वतःशीच बोलते. रंगमंचावर अन्य पात्रे असली तरी त्यांना ते ऐकू येत नाही, हा संकेत प्रेक्षकांनी मान्य केलेला असतो. १९७० मध्ये रंगभूमीवर आलेल्या वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकरांची स्वगते सर्वपरिचित आहेत. संस्कृत नाटकांत याच्या जवळचा ‘जनांतिक’ हा संकेत आढळतो. त्यात पात्र अनामिका दुमडून हाताचा आडोसा करते आणि शेजारच्या पात्रालाच काही सांगते. उरलेल्यांनी ते ऐकलेले नाही, असे मानायचे.

नाट्यछटेत मात्र बहुधा समोर श्रोता असतो. तो दिसत नाही, त्याचे बोलणेही ऐकू येत नाही. बोलणाऱ्याच्या उत्तरांवरूनच ते ताडावे लागते. शंकर काशीनाथ गर्गे ऊर्फ ‘दिवाकर’ यांनी १९११ पासून हा प्रकार मराठीत रुजविला. इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग यांच्या नाट्यात्म एकभाषितांचा त्यांच्यावर प्रभाव होता. माणूस जे झाकू पाहतो, नेमके तेच त्याच्या तोंडून उघडे पडते, हे नाट्यछटेचे मर्म. व्याख्या पाठ करूनही हे मर्म उत्तरात आले नाही, तर उत्तर अपुरेच म्हणावे लागेल.

‘एकपात्री’ हा सादरीकरणाचा प्रकार आहे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये लक्ष्मण देशपांडे एकटेच कितीतरी पात्रे उभी करीत. म्हणजे येथे नट एक असतो, पात्रे अनेक असू शकतात. शब्दच थोडा फसवा आहे. एकांकिकेत एक असतो तो अंक.

‘नेपथ्य’ शब्दानेही अर्थ बदलला आहे. आज आपण रंगमंचावरील देखाव्याच्या मांडणीला नेपथ्य म्हणतो. संस्कृतात मात्र वेशभूषा आणि पडद्यामागील रंगपटाची जागा, असे त्याचे अर्थ आहेत. त्यामुळे जुन्या नाटकात ‘नेपथ्यात’ अशी सूचना आली, की पडद्याआडून आवाज येतो, असे समजावे. नांदी म्हणजे आरंभीचे मंगलगीत, भरतवाक्य म्हणजे अखेरची शुभेच्छा. सूत्रधाराचे काम काळानुसार बदलत गेले. विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधील ‘सीतास्वयंवर’ या सांगलीतील प्रयोगात कथानक पुढे नेणारी पदे तोच गाई. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने त्याला नव्या रूपात पुन्हा पुढे आणले.

राहिली शोकांतिका. अपघाताच्या बातमीत हा शब्द आम्ही वार्ताहरच सैलपणे वापरतो. पण केवळ मृत्यूने शोकांतिका होत नाही. अॅरिस्टॉटलच्या विवेचनानुसार नायकाचा ऱ्हास त्याच्या हातून घडलेल्या प्रमादामुळे व्हावा लागतो आणि प्रेक्षकांच्या मनात करुणा व भीती जागी व्हावी लागते. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’मधील सुधाकर बुद्धिमान वकील आहे आणि तितकाच मानी. सनद स्थगित झाल्याचा अपमान त्याला सोसवत नाही आणि तळीराम पुढे करतो तो पहिला प्याला तो स्वतःच्या हाताने उचलतो.