द्राक्षापासून चिकूपर्यंत : वैजापूर-नाशिक-जव्हारमार्गे डहाणू-बोर्डीचा समुद्र, तिथलं खाणं आणि वाइन यांची सविस्तर माहिती

छत्रपती संभाजीनगर : कापसाची वेचणी आटोपत आली की गावागावांत चार मित्र किंवा दोन कुटुंबं मिळून गाडी काढायचे बेत ठरतात. समुद्र बघायचा म्हटलं की बहुतेक गाड्या पुण्यावरून अलिबाग नाहीतर गणपतीपुळ्याला जातात. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, घोलवड, बोर्डीकडं आपल्या भागातून फार कमी लोक जातात. खरं तर शेतकऱ्याने बघावा असा हा रस्ता आहे. नाशिकच्या द्राक्षाची वाइन, वाटेत आदिवासी पाड्यांवरचं खाणं आणि शेवटी समुद्राला लागून चिकूच्या बागा. पिकवलेला माल कच्चा न विकता त्यावर गावातच काय काय करता येतं, आणि त्यात कुठं फसायला होतं, हे दोन्ही या वाटेवर दिसतं.

जाऊन-येऊन साधारण 800 किलोमीटर होतात. कारला 15 चा ॲव्हरेज धरला तर 53 ते 55 लिटर इंधन लागेल. चार रात्री, पाच दिवस हाताशी ठेवावेत.

पाच दिवसांची आखणी

- पहिला दिवस : संभाजीनगर – वैजापूर – येवला – विंचूर – निफाड – नाशिक (साधारण 190 किमी)
- दुसरा दिवस : नाशिक – त्र्यंबकेश्वर – मोखाडा – जव्हार (साधारण 80 किमी, घाटरस्ता)
- तिसरा दिवस : जव्हार – चारोटी – डहाणू – घोलवड – बोर्डी (80 ते 85 किमी)
- चौथा दिवस : बोर्डी, घोलवडच्या बागा, समुद्र, दुपारनंतर केळवे
- पाचवा दिवस : केळवे – मनोर – वाडा – भिवंडी – समृद्धी महामार्गाने घरी

केव्हा जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात बरा. वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्चमध्ये चालते, तेव्हा गेलं तर काम चालू असताना बघायला मिळतं. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, ताजी मच्छी कमी आणि महाग मिळते. पण त्याच दिवसांत जव्हारचे धबधबे वाहतात आणि रानभाज्या निघतात. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळावा, मुंबईची गर्दी असते.

पहिला टप्पा : विंचूर आणि नाशिकची वाइन

येवल्याच्या पुढं विंचूरला राज्य सरकारने एमआयडीसीमार्फत वाइन पार्क उभं केलं. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी वेगळं धोरण आणलं, त्यानंतर नाशिक जिल्ह्यात एकामागून एक वायनरी सुरू झाल्या. त्याआधीच गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांनी सुला विनयार्ड्सची सुरुवात केली होती. 2000 साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. आज गंगापूर धरणाच्या परिसरात आणि इगतपुरी तालुक्यात बऱ्याच वायनरी आहेत. तिकीट काढून आत जाता येतं, टाक्या, पिंपं, बाटल्या भरायचं काम दाखवतात आणि थोडी थोडी वाइन चाखायला देतात. वेळ आणि तिकिटाचा दर आधी फोनवर विचारून घ्यावा.

वाइनचं द्राक्ष आपण खातो त्या द्राक्षापेक्षा वेगळं. मणी बारीक, साल जाड, आत बी. खायच्या द्राक्षाला मणी फुगवायला जी धडपड करावी लागते ती इथं नको असते, कारण रंग आणि चव सालीत असते. शिराज, कॅबर्ने या काळ्या जाती, तर शेनिन ब्लां, सॉव्हिन्यॉं ब्लां या पांढऱ्या. पांढऱ्या वाइनसाठी नुसता रस आंबवतात. लाल वाइनसाठी रस सालीसकट आंबवतात, त्यातून रंग उतरतो. एका 750 मिलीच्या बाटलीला साधारण एक किलो किंवा थोडी जास्त द्राक्षं लागतात. अल्कोहोल 12 ते 14 टक्क्यांच्या आसपास असतं.

आता यातली दुसरी बाजू. 2008-09 ची जागतिक मंदी आली, वाइनचा खप घटला आणि काही वायनरी अडचणीत आल्या. करार करून वाइनची द्राक्षं लावलेल्या बऱ्याच शेतकऱ्यांचा माल पडून राहिला. हे द्राक्ष खायच्या बाजारात चालत नाही, त्यामुळे अनेकांनी उभ्या बागा तोडल्या. आजही ज्यांचं बरं चाललंय त्यातले बरेच जण मोठ्या वायनरीशी अनेक वर्षांचा लेखी करार करून बसलेले आहेत. गिऱ्हाईक आधी आणि लागवड नंतर, हा इथला धडा आहे.

खाण्यात नाशिकची मिसळ सोडू नये. गंगापूर रोडच्या बाजूला मळ्यांत मिसळीची ठिकाणं आहेत. सोबत पापड, दही मिळतं. तर्री वेगळी मागून घ्यावी, म्हणजे पोरंसोरंही खाऊ शकतात.

दुसरा टप्पा : जव्हारचं डोंगरातलं जेवण

त्र्यंबकेश्वर सोडलं की रस्ता डोंगरात शिरतो. मोखाडा, जव्हार हे आदिवासी तालुके. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर समाजाची वस्ती. जव्हार हे मुकणे राजघराण्याचं संस्थान होतं, त्यांचा जयविलास राजवाडा गावाजवळ आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर दाभोसा धबधबा बघण्यासारखा असतो.

इथं हॉटेलपेक्षा घरगुती जेवण सांगून ठेवावं. नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, तांदळाची भाकरी, उडदाची डाळ आणि खुरासणीची चटणी. खुरासणी म्हणजे आपलं कारळंच. जेवण साधं असतं पण पोटभर. मोहाची फुलं इथं खाण्यातही असतात आणि दारूतही. लग्नकार्यात, देवकार्यात मोहाच्या दारूला मान आहे. पण वाटेत कुणी बाटलीतून विकत असेल तर घेऊ नये. विनापरवाना दारू घेणं हा गुन्हा आहे आणि तिच्यात काय मिसळलंय ते कळत नाही.

जव्हारहून खाली उतरताना चारोटीजवळ विवळवेढ्याची महालक्ष्मी लागते. चैत्र पौर्णिमेपासून इथं मोठी जत्रा भरते. डहाणू तालुक्यातलंच गंजाड हे जिव्या सोमा म्हसे यांचं गाव. वारली चित्रकला त्यांनी जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये त्यांचं निधन झालं. वारली चित्र घ्यायचं असेल तर पाड्यावरच्या कलाकाराकडून घ्यावं, पैसा थेट त्याच्या घरात जातो.

तिसरा टप्पा : घोलवड-बोर्डीचा चिकू आणि चिकूची वाइन

डहाणूपासून बोर्डी 17 किलोमीटर. एका बाजूला सुरूची झाडं आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या बागा. इथं चिकूची लागवड साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी पारशी-इराणी बागायतदारांच्या काळात सुरू झाली. मुख्य जात कालीपत्ती. 2016 मध्ये डहाणू घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं.

चिकूची अडचण आपल्या सीताफळासारखीच. झाडावरून उतरवला की चार-पाच दिवसांत पिकतो आणि मग थांबत नाही. बाजारात आवक वाढली की भाव पडतो. म्हणून इथल्या बायका आणि बागायतदारांनी चिकूचे काप वाळवून चिप्स, पावडर, लोणचं, मिठाई असे पदार्थ सुरू केले. रस्त्याकडेच्या दुकानांत ते वर्षभर मिळतात. बोर्डीत हिवाळ्यात चिकू महोत्सवही भरतो.

बोर्डीतच हिल झिल वाइन्स ही फळांपासून वाइन करणारी वायनरी आहे. फ्रुझांते या नावाने तिची वाइन विकली जाते, त्यात चिकूची वाइनही आहे. पिकलेल्या चिकूत साखर भरपूर असते, तीच आंबवून अल्कोहोल तयार होतं. जायच्या आधी फोन करून वायनरी बघायला मिळेल का ते विचारावं.

बागेत राहायची सोय घोलवड-बोर्डीला बऱ्याच ठिकाणी आहे. इराणी-पारशी घरांत आधी सांगितलं तर धनसाक, पात्रानी मच्छी असं जेवण मिळतं. पात्रानी मच्छी म्हणजे पापलेटला हिरवी चटणी लावून केळीच्या पानात वाफवलेलं. जवळच्या बहरोट गुहांत पारशी लोकांनी आपला पवित्र अग्नी लपवून सांभाळला होता, असं परंपरा सांगते.

डहाणू तालुका एवढा हिरवा राहिला त्यालाही कारण आहे. 1991 मध्ये केंद्राने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला आणि उद्योगांवर बंधनं आली. आता याच किनाऱ्यावर वाढवण बंदर होतंय. 30 ऑगस्ट 2024 ला त्याची पायाभरणी झाली, खर्च सुमारे 76 हजार कोटी रुपये. रोजगार येईल असं सरकार सांगतं. मासेमार आणि बागायतदारांचा मात्र कित्येक वर्षांपासून विरोध आहे. हा किनारा आज जसा दिसतो तसा पुढं दिसेलच असं नाही.

मच्छी कशी मागवावी?

आपल्याकडच्या माणसाला धरणातली मच्छी माहीत असते, समुद्राची नाही. काटे नको असतील तर पापलेट किंवा सुरमईचा तुकडा घ्यावा. ओला बोंबील लोण्यासारखा मऊ असतो, तो तळूनच छान लागतो. बांगडा स्वस्त, पण काटे असतात. पापलेटचा दर आकारावर ठरतो, म्हणून ताटात यायच्या आधी दर विचारावा. केळव्याच्या अलीकडं सातपाटी हे पापलेटसाठी नावाजलेलं बंदर आहे. सप्टेंबर 2023 मध्ये पापलेट राज्यमासा जाहीर झाला.

शाकाहारी मंडळींनी हिवाळ्यात उकडहंडी मागावी. कंद, शेंगा, वांगी असं सगळं मसाला लावून मडक्यात भरतात आणि मंद आचेवर शिजवतात. उन्हाळ्यात ताडगोळे मिळतात. नीरा सूर्य उगवायच्या आत प्यावी. ऊन चढलं की ती आंबून ताडी होते. ताडीत भेसळीचे प्रकार होतात, त्यामुळे परवानाधारक दुकान सोडून घेऊ नये.

हे नियम पाठ ठेवा

- महाराष्ट्रात वाइन आणि सौम्य बिअरसाठी वय 21 पूर्ण लागतं, बाकी दारूसाठी 25. पिण्याचा परवाना लागतो, एका दिवसाचा परवाना दुकानात मिळतो.
- बोर्डीच्या पुढं लगेच गुजरातची हद्द आहे. तिथं दारूबंदी आहे. संजाण, उदवाडा बघायला जाणार असाल तर गाडीत एकही बाटली ठेवू नका.
- दमणची स्वस्त दारू महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे. गाडी जप्त होऊ शकते.
- वाइन चाखली की गाडी दुसऱ्याने चालवावी. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या गुन्ह्याला 10 हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.
- बोर्डीचा किनारा उथळ आहे, ओहोटीला पाणी फार लांब जातं. भरती लागली की तेच पाणी वेगाने मागं येतं. भरतीची वेळ गावकऱ्यांना विचारूनच पाण्यात उतरा. गाडी वाळूत घालू नका.

परतीचा रस्ता

मनोर-वाडा-भिवंडी रस्त्यावर अवजड वाहनं आणि खड्डे आहेत, दिवसाच निघावं. वाड्यात वाडा कोलम तांदूळ घेता येईल. त्यालाही भौगोलिक मानांकन आहे. भिवंडीजवळ आमणेला समृद्धी महामार्ग लागतो. 5 जून 2025 ला शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हापासून थेट माळीवाड्याला उतरता येतं. टायर आणि त्यातली हवा तपासूनच वर चढा. दुचाकीला या महामार्गावर बंदी आहे, दुचाकीवाल्यांनी नाशिकमार्गे परतावं.

आपल्या शेतकऱ्याने काय बघून यावं?

जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, मराठवाड्याचा केशर आंबा, या तिन्हींना 2016 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे घोलवडच्या चिकूच्याच वर्षी. आपला बहुतेक माल अजूनही क्रेटमध्ये भरून कच्चाच जातो. घोलवडला चिप्सचं यंत्र, वाळवणी आणि पॅकिंग कसं चालतं ते नीट बघावं, दर विचारावेत.

सुरुवात वाइनपासून करू नये. तिला उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, घरी बनवून विकणं गुन्हा आहे. गर, पावडर, सरबत, वाळवलेले काप यांना फक्त अन्न सुरक्षा नोंदणी लागते. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. रस्त्यालगत शेत असणाऱ्यांना राज्याचं 2020 चं कृषी पर्यटन धोरणही उपयोगी पडू शकतं. वेरूळ-दौलताबादला येणारा पर्यटक आपल्या बांधावरूनच जातो. योजना सध्या चालू आहे का आणि कागदपत्रं काय लागतात, ते तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारावं. अर्ज करण्याआधी माल कोण घेणार, हे मात्र ठरवून ठेवावं.