पंढरीची वारी आणि आरोग्ययोजनांची अंमलबजावणी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

आरोग्ययोजना कागदावर सर्वत्र सारखी असते. राबविताना मात्र तिची गाठ तिथी, ऋतू, नदी, बाजारपेठ व श्रद्धा यांच्याशी पडते. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरची आषाढी यात्रा हे याचे ठळक उदाहरण होय.

१८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने पटकीच्या प्रसारास भारतातील तीर्थयात्रांना मोठ्या प्रमाणावर जबाबदार धरले. वासाहतिक शासनाची नजर तेव्हापासून यात्रेकरूंवर खिळली. भीती निराधार नव्हती. आषाढी ऐन पावसाळ्यात येते; चंद्रभागेचे पाणी स्नानाचे आणि तीर्थाचेही, वाळवंट मुक्कामाचे आणि शौचाचेही. परंतु यात्रा रोखणे म्हणजे गावाच्या चरितार्थावर व लाखोंच्या श्रद्धेवर घाला घालणे होते. १८९७ च्या साथरोग कायद्याच्या काळात पुण्यात झालेल्या घरझडत्या आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेला हल्ला यांनी सक्तीची मर्यादा दाखवून दिली होती. पुढे बार्शी लाईट रेल्वे पंढरपुरास पोहोचली. स्थानकावर प्रवासी तपासता येत. पायी चालणारा वारकरी त्या जाळ्यात सापडत नसे.

अधिकाऱ्यांना वारीत केवळ गर्दी दिसली, असे म्हणावे लागेल. वस्तुतः हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेल्या शिस्तीत दिंड्यांचा क्रम, चोपदाराची आज्ञा, मुक्कामाची गावे हे सर्व ठरलेले होते. आरोग्ययंत्रणेस हवी असलेली संघटना वारीतच तयार होती. ती बाहेरून लादावी लागणार नव्हती.

२०२० मध्ये तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू झाला. पायी वारी रद्द झाली, पंढरपुरात संचारबंदी आली. तथापि संतांच्या पादुका एस. टी. बसने नेण्यात आल्या व १ जुलैची आषाढी पार पडली. पादुका पोहोचल्या म्हणजे परंपरा खंडित झाली नाही, हा संप्रदायाचाच विचार निर्बंधांच्या मदतीस आला.

शौचालयांच्या बाबतीत मात्र असा आधार मिळाला नाही. हाताने मैला उचलण्यास १९९३ च्या कायद्याने बंदी असूनही यात्रेनंतर वाळवंट साफ करण्याचे काम सफाई कामगारांच्याच हातांवर राहिले. २०१० नंतरच्या दशकात हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. वाळवंटातील तंबूंवर निर्बंध आले आणि दिंड्यांच्या निवासासाठी नदीपलीकडील ६५ एकरांची जागा पुढे आली.