हिशेब चुकल्याचं पत्र



दर वेळी मी तुमच्याशी कर्जाचे हप्ते, बँकेची कागदपत्रं, गटाचं दप्तर यांवर बोलते. आज विषय जरा वेगळा आहे, गणिताचा इतिहास. ऐकूनच रेडिओ बंद करू नका! ही गोष्ट हिशेबाचीच आहे, आणि हिशेब चुकला असं दुसऱ्यानं सांगितल्यावर माणसानं काय करावं, याची आहे.

आधी माझीच चूक सांगते. आमच्या एका गटातल्या मावशींनी १०,००० रुपये कर्ज घेतलं होतं. दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल आणि उरलेल्या रकमेवर शेकडा दोन व्याज. चार हप्ते फिटले होते, म्हणजे पाचव्या महिन्यात ६,००० वर १२० रुपये व्याज व्हायला हवं होतं. मी लिहिले २००. मावशींना वाचता येत नाही, पण त्या बोटांवर हिशेब करून म्हणाल्या, "ताई, ८० रुपये जास्तीचे लागले." मला राग आला. मी बीए झालेली, दहा वर्षं वह्या लिहिणारी! "तुम्हाला नाही समजायचं," असं मी भर बैठकीत बोलून गेले. घरी येऊन आकडे मांडले, तर मावशी बरोबर होत्या.

त्यानंतर काही महिन्यांनी गॉटलोब फ्रेगे यांची गोष्ट माझ्या वाचनात आली, आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

फ्रेगे हे जर्मनीतले गणितज्ञ, जन्म १८४८ चा. येना नावाच्या गावातल्या विद्यापीठात ते शिकवत. त्यांना एकच ध्यास होता. अजिबात शंका घेता येणार नाही असं ज्ञान माणसाला मिळू शकतं का? आणि मिळत असेल तर ते कशावर उभं आहे?

हा प्रश्न तेव्हाच का पडला, तेही सांगते. दोन हजार वर्षं लोक म्हणत होते की ग्रीक गणितज्ञ युक्लिड यांची भूमिती म्हणजे पक्कं ज्ञान. पण १८२९ साली रशियातले लोबाचेव्हस्की आणि १८३२ साली हंगेरीतले बोयाई यांनी दाखवून दिलं, की समांतर रेषांचा नियम बदलूनही वेगळी भूमिती मांडता येते आणि तिच्यात कुठे विसंगती सापडत नाही. जे एकमेव वाटत होतं ते एकमेव राहिलं नाही. मग अनेकांना वाटलं, भूमितीचा भरवसा नसेल तर निदान आकड्यांचा पाया तरी पक्का करू.

फ्रेगे यांनी विचारलं, 'दोन' म्हणजे काय? दोन साड्या दाखवता येतात, दोन बैल दाखवता येतात, पण नुसता दोन कुठे दिसतो? त्यांचं उत्तर आपल्याला सहज समजेल. हळदीकुंकवाला बायका बसल्या आहेत, प्रत्येकीच्या हातात एक वाण आहे, एकही वाण उरलं नाही आणि एकही बाई राहिली नाही. मग मोजल्याशिवायसुद्धा आपण सांगतो, जितक्या बायका तितकी वाणं. अशी जोडी लावता आली की दोन्हींची संख्या एकच. म्हणून दोन म्हणजे, ज्यांची अशी एकमेकांशी जोडी लागते त्या सगळ्या जोडगोळ्यांचा एक मोठा समूह. म्हणजे संख्या हे निव्वळ तर्कशास्त्रच आहे, असं त्यांना सिद्ध करायचं होतं.

१८७९ मध्ये त्यांनी त्यासाठी तर्काची नवी लिपी तयार केली, १८८४ मध्ये संख्येवरचं पुस्तक लिहिलं आणि १८९३ मध्ये मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड काढला. फारशी कुणी दखल घेतली नाही. दुसरा खंड त्यांनी पदरचे पैसे घालून छापायला दिला. आणि १९०२ च्या जून महिन्यात, छपाई संपत आलेली असताना, इंग्लंडहून एक पत्र आलं. लिहिणारे होते तीस वर्षांचे बर्ट्रांड रसेल.

रसेल यांनी आधी मनापासून कौतुक केलं होतं, आणि मग लिहिलं होतं की एका ठिकाणी मला अडचण दिसते. ती अडचण मी आपल्या भाषेत सांगते.

समजा कार्यालयाच्या कपाटात पुष्कळ वह्या आहेत. काही वह्यांमध्ये इतर वह्यांच्या नावांची यादी आहे. त्यातल्या काहींत स्वतःचंही नाव आहे, काहींत नाही. आता तुम्ही एक नवी वही केली आणि ठरवलं, की ज्या वह्यांमध्ये स्वतःचं नाव नाही त्या सगळ्यांची, आणि फक्त त्यांचीच, नावं हिच्यात लिहायची. मग या नव्या वहीचं नाव तिच्यात लिहायचं का? लिहिलं, तर तिच्यात स्वतःचं नाव आलं, म्हणून ते खोडायला हवं. खोडलं, तर तिच्यात स्वतःचं नाव नाही, म्हणून ते लिहायला हवं. यातून सुटकाच नाही!

कपाटाच्या बाबतीत आपण म्हणू, अशी वही होऊच शकत नाही, आणि विषय संपेल. पण फ्रेगे यांचा एक मूळ नियमच असा होता, की कुठलीही अट सांगा, तिचा समूह होतोच. त्यामुळे ही विसंगती थेट पायात निघाली. वीस वर्षांहून जास्त काळाचं काम, आणि तळाची वीटच सुटली.

रसेल यांचं पत्र १६ जूनचं आहे आणि फ्रेगे यांचं उत्तर २२ जूनचं. उत्तरात त्यांनी चूक मान्य केली, आपल्याला धक्का बसल्याचं लपवलं नाही, आणि यातून तर्कशास्त्र कदाचित पुढेच जाईल असंही लिहिलं. १९०३ मध्ये दुसरा खंड निघाला तेव्हा त्याच्या शेवटी त्यांनी स्वतःच परिशिष्ट जोडून ही चूक जगाला सांगितली. दुरुस्तीचा प्रयत्नही केला, पण ती टिकली नाही.

फ्रेगे सगळ्याच बाबतींत थोर होते, असं मी म्हणणार नाही. १९२४ सालच्या त्यांच्या रोजनिशीत ज्यू लोकांविषयी कडवट द्वेष आहे. पण त्या एका पत्राबद्दल रसेल यांनी साठ वर्षांनी, १९६२ मध्ये, वयाच्या नव्वदीत लिहिलं, की सत्याशी एवढी निष्ठा आपल्याला दुसरीकडे कुठे दिसली नाही.

पुढे काय झालं, तेही ऐका. रसेल आणि व्हाइटहेड यांनी १९१० ते १९१३ या काळात तीन जाडजूड खंड लिहून पाया पुन्हा घातला. पहिल्या खंडाची साडेतीनशेहून जास्त पानं उलटल्यावर 'एक अधिक एक म्हणजे दोन' या गोष्टीच्या उंबरठ्यावर ते पोचतात, आणि तिची सिद्धता पुरी होते दुसऱ्या खंडात! मग डेव्हिड हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञांनी मागणी केली, की गणितात कधीच विसंगती निघणार नाही हे गणितानंच सिद्ध करून द्यावं. सप्टेंबर १९३० मध्ये क्योनिग्जबर्ग शहरात त्यांनी भाषणात ठासून सांगितलं, की आपल्याला कळलंच पाहिजे आणि कळेलच. त्याच शहरात, आदल्याच दिवशी, कुर्ट गोडेल या चोवीस वर्षांच्या तरुणानं एका चर्चेत आपला शोध हळूच सांगितला होता. १९३१ मध्ये तो छापून आला. नियमांची कुठलीही चौकट घ्या. तिच्यात अंकगणित मावत असेल आणि विसंगती नसेल, तर तिच्यात सिद्ध करता येणार नाही असं एखादं सत्य उरतंच. आणि आपल्यात विसंगती नाही, हेही ती चौकट स्वतःच्या बळावर सिद्ध करू शकत नाही.

म्हणजे सगळंच अनिश्चित झालं का? नाही. दोन आणि दोन चारच. १९३६ मध्ये गेंट्झेन यांनी अंकगणितात विसंगती नाही हे सिद्धही केलं, पण त्यासाठी अंकगणिताच्या बाहेरचं एक साधन वापरावं लागलं. आपल्या भाषेत सांगायचं, तर वहीचा ताळा वहीलाच देता येत नाही, तपासणारी नजर बाहेरची लागते. तुलना अगदी काटेकोर नाही, पण मला तिच्यातून माझी वाट दिसली.

पुढच्या बैठकीत मी मावशींचे ८० रुपये परत केले, आणि त्या दिवशी जे बोलले त्याबद्दल सगळ्यांसमोर माफी मागितली. मावशी म्हणाल्या, "असू दे ताई, पण आता दर महिन्याला मोठ्यानं वाचून दाखवत जा." तेव्हापासून प्रत्येक बैठकीत प्रत्येकीचं व्याज मी मोठ्यानं वाचते, आणि मावशी बोटं मोजत बसतात. तुमच्या गटातही ज्या बाईला वाचता येत नाही, तिच्यासमोर वही मोठ्यानं वाचा. ती चूक आहे म्हणाली, तर आधी आकडे पुन्हा मांडा आणि मग बोला.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.