व्हायकिंग : शेत, समुद्र आणि श्रद्धा

इ.स. ७९३ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या लिंडिसफार्न बेटावरील मठावर समुद्रमार्गे आलेल्या टोळ्यांनी हल्ला केला. व्हायकिंग कालखंडाचा आरंभ सामान्यतः येथून मानला जातो. १०६६ मध्ये स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईत नॉर्वेचा राजा हाराल्ड हार्ड्राडा मारला गेला, तेथे त्याची अखेर समजतात. या काळाचा लेखी वृत्तान्त बव्हंशी मठांतील ख्रिस्ती धर्मगुरूंनी लिहिला. ज्यांचे मठ लुटले गेले त्यांच्याकडून तटस्थ साक्षीची अपेक्षा करता येत नाही. त्यामुळे 'लुटारू' एवढीच ओळख दीर्घकाळ टिकून राहिली.

डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन ही व्हायकिंगांची मूळ भूमी. मात्र हे कोणत्याही एका जमातीचे नाव नव्हे. जुन्या नॉर्स भाषेत सागरी स्वारीवर जाणाऱ्यास हा शब्द लावीत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४४२ प्राचीन अवशेषांच्या जनुकीय अभ्यासानेही हेच सूचित केले. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर व्हायकिंग पद्धतीने पुरलेल्या काहींचे पूर्वज स्कँडिनेव्हियातील नव्हतेच.

बहुसंख्य लोक शेतकरी होते. जव आणि राय पिकवावे, गुरे-मेंढ्या पाळाव्यात, मासे वाळवावेत, असा त्यांचा दिनक्रम असे. लांबट घराच्या मध्यभागी चूल पेटलेली असे आणि थंडीच्या दिवसांत अनेक ठिकाणी जनावरेही त्याच छपराखाली बांधली जात. गलबतांची शिडे लोकरीची असत. ती विणण्याचे दीर्घ कष्ट स्त्रियांच्या वाट्याला येत. आइसलंडमध्ये ९३० च्या सुमारास 'आल्थिंग' ही लोकसभा भरू लागली. तिचे कौतुक करताना एक बाब विसरता येत नाही : स्वाऱ्यांत पकडलेली माणसे गुलाम म्हणून विकली जात आणि या समाजाची शेती व संपत्ती काही अंशी त्यांच्याच श्रमांवर उभी होती.

व्यापाराचा पल्लाही थक्क करणारा होता. स्वीडनमधील हेल्गो बेटावरील उत्खननात १९५६ मध्ये भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात घडविलेली बुद्धाची छोटी कांस्यमूर्ती सापडली. ती तेथवर अनेक हातांतून पोहोचली असावी. शिंगांच्या शिरस्त्राणाला मात्र कोणताही आधार नाही. ती कल्पना १८७६ मध्ये रिचर्ड वाग्नर यांच्या संगीतनाट्यांसाठी केलेल्या वेशभूषेमुळे लोकप्रिय झाली.

ओडिन, थोर आणि फ्रेया ही त्यांची प्रमुख दैवते. युद्धात पडलेल्या वीरांपैकी निम्मे ओडिनच्या वल्हाला या सभागृहात, तर निम्मे फ्रेयाकडे जातात, अशी श्रद्धा होती. मृतांसोबत परलोकाच्या प्रवासाची सामग्री ठेवीत. नॉर्वेतील ओसेबर्ग येथे १९०४ मध्ये उत्खनन झालेल्या थडग्यात दोन स्त्रियांसह अख्खे गलबत, गाडी, घसरगाड्या आणि घोडे आढळले. पुढे ख्रिस्ती धर्म पसरला, तरी जुनी दैवते एका रात्रीत गेली नाहीत. डेन्मार्कमध्ये सापडलेल्या दगडी साच्यात कारागीर ख्रिस्ताचा क्रूस आणि थोरचा हातोडा, दोन्ही ओतू शकत असे.