लव्हाळा, मुळासकट

गवत आणि लव्हाळा यांतला फरक भिवंडी तालुक्यातल्या शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. बेणणीला वाकलेल्या बाईच्या हाताला जे लागेल ते ती उपटत जाते, आणि तिच्या बोटांनाच कळते की हे गवत आणि हा लव्हाळा. शिकवावा लागतो तो वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला. महाविद्यालयात मोथा कुलाच्या, म्हणजे सायपेरेसीच्या, वाट्याला एखादे पान आले तर आले. जगभरात साडेपाच हजारांच्या आसपास जाती असलेल्या कुलाची ही बोळवण बरी नव्हे. कामवारीच्या काठाने, भातखाचरांच्या बांधांवरून किंवा खाडीलगतच्या खाजणातून चालताना पायाखाली काय येते याचे कुतूहल असलेल्या कोणाहीसाठी ही पुस्तिका आहे. पदवी असलीच पाहिजे असे नाही. हातात दहापट मोठे दाखवणारे भिंग असावे आणि एक खुरपे.

खुरपे मुद्दाम सांगितले. लव्हाळ्याची ओळख जमिनीवर अर्धीच होते, हे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे.

जमिनीवरची अर्धी ओळख सोपी आहे. गवताची काडी गोल, बहुधा पोकळ आणि पेरे असलेली. लव्हाळ्याची काडी बहुधा तीनधारी, आतून भरीव, आणि तळापासून फुलोऱ्यापर्यंत तिला एकही पेर नाही. चिमटीत धरून फिरवली तर कडा लागतात. पाने तीन रांगांत येतात, आणि पानाचा आवरक काडीभोवती नळीसारखा बंद असतो. गवताचा आवरक एका बाजूने उघडा राहतो. काही अपवाद आहेत, विशेषतः एलिओकॅरिसमध्ये, जिथे काडी गोल असते आणि पाने नावापुरती उरतात. पाणकणीस मात्र या कुलातले नव्हे, ते टायफा. तळ्याकाठी नवख्यांची गल्लत तिथे हमखास होते.

सुरुवात कोणत्या जातीपासून करावी? माझे मत स्पष्ट आहे: जिच्यावर शेतकरी सर्वांत जास्त चिडतो त्या बहुवर्षायू जातीपासून. सायपेरस रोटुंडस, आपला मोथा. लिनियसने 1753 साली ‘स्पिशीज प्लँटेरम’मध्ये तिला हे नाव दिले आणि आजवर ते टिकून आहे, जे या कुलात सहसा घडत नाही. बांधावर किंवा भाजीच्या वाफ्याकडेला ती कुठेही मिळेल. वर तपकिरी-जांभळट कणिशकांचा विरळ छत्रीवजा फुलोरा आणि त्याखाली पानांसारखी लांब छदे. भिंगातून कणिशक पाहिले तर तुषे दोन रांगांत, एकाआड एक बसवलेली दिसतात. सायपेरस प्रजातीची ही खूण. फिम्ब्रिस्टायलिसमध्ये तीच तुषे बहुधा मळसूत्री मांडणीत असतात. किंजल्क तीन, म्हणून फळ तीनधारी. पण पिकलेले फळ या जातीत शोधूनही क्वचितच हाती लागते. बियांवर तिची फारशी भिस्त नाही.

भिस्त कशावर आहे ते खुरपे सांगते. रोप ओढू नका, तुटेल. कडेची माती सैल करून हळूहळू वर घ्या. काडीच्या बुडाशी एक फुगीर कंद, त्यातून तारेसारखी काटक मूलक्षोडे निघालेली, आणि त्यांवर थोड्याथोड्या अंतरावर काळपट, खवलेदार ग्रंथी ओवलेल्या. एक ग्रंथी नखाने खरवडा. आतून पांढरट-गुलाबी गर आणि कापराच्या जवळ जाणारा उग्र-गोड वास. दिवाळीच्या उटण्यात हाच वास असतो, फक्त बाजारात ‘नागरमोथा’ म्हणून मिळणारा माल पुष्कळदा सायपेरस स्कॅरिओसस या तिच्या भावंडाचा असतो. आयुर्वेदातली मुस्ता म्हणजे हा मोथाच. तापात द्यायच्या षडंगोदकाच्या सहा द्रव्यांत ती आहे. रानडुकरांनाही ती प्रिय. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त दुसऱ्या अंकात दुष्यंत शिकार थांबवतो, तेव्हा डबक्याकाठी निर्धास्तपणे मुस्ता उकरणारे वराह येतात. कवीने खालचा कंद पाहिला होता, एवढे नक्की.

आता शेजारची एक जात घ्या, सायपेरस एस्क्युलेंटस. वरून पाहिले तर दोघी इतक्या सारख्या की फुलोरा नसताना खात्री देणे अवघड. फुलोऱ्यात हिची कणिशके पिवळसर. पण खरा फरक मातीत आहे: हिच्या ग्रंथी माळेत नसतात, मूलक्षोडाच्या टोकाला एकेकट्या येतात, आणि चवीला कडू नसून गोड. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया भागात तिची लागवड करून ‘ओर्चाता’ नावाचे गार पेय काढतात. एकीच्या ग्रंथी लोक पितात, दुसरीच्या नावाने बोटे मोडतात.

बोटे मोडण्याचे कारणही त्या माळेतच आहे. हॉम आणि सहकाऱ्यांनी 1977 साली जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांचा ग्रंथ काढला, त्यात पहिला मान मोथ्याला दिला. माळ अखंड असते तोवर टोकाचा कोंब मागच्या ग्रंथींना दडपून ठेवतो. नांगराने किंवा कुदळीने माळ तुटली की प्रत्येक तुकडा मोकळा होतो आणि स्वतंत्रपणे उगवतो. म्हणजे अर्धवट खुरपणी ही लागवडच ठरते. वाफ्यावर प्लास्टिक अंथरले तर कोंब ते भोकसून वर येतो. जाचक ठरतात त्या दोन गोष्टी: सावली, आणि कोरडेपणा. उन्हाळी नांगरटीत वर आलेली ग्रंथी उन्हात पुरती वाळली तर मरते. म्हणून ज्या लक्षणावरून आपण तिला ओळखतो, त्याच लक्षणावर तिचा बंदोबस्तही अवलंबून आहे. वर्गीकरण हा कपाटातला उद्योग आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी मोथा आणि एखादी वर्षायू जात शेजारी ठेवून पाहावी. भिवंडीत हल्ली खाचरे भरून गोदामे उभी राहतात. भरावाच्या मातीबरोबर या ग्रंथीही गाडीत बसून गावोगाव हिंडतात, आणि याची दखल अजून फारशी कोणी घेतलेली नाही.

चिखलणी झालेल्या, पाणी साचलेल्या खाचरात मात्र मोथा सहसा दम धरत नाही. तिथे ‘लव्हाळा’ म्हणून जे उपटले जाते ते बहुतेक सायपेरस इरिया किंवा सायपेरस डिफॉर्मिस. दोन्ही वर्षायू, दोन्ही बियांवर जगणाऱ्या, ग्रंथी नाहीत. इरियाचा फुलोरा पिवळसर आणि मोकळा. डिफॉर्मिसची कणिशके गच्च गोल गड्ड्यांत. एकाच खाचरात खांद्याला खांदा लावून उगवतात, पण पानाचा आडवा छेद घेतला तर दोघींची घरे वेगळी निघतात. इरियात शिरांभोवती हरितद्रव्याने भरलेल्या पेशींचे कडे असते. कडक उन्हात कार्बन वाया न घालवता बांधणारी ही सी-4 पद्धत, मोथ्यातही तीच. डिफॉर्मिस जुन्या सी-3 वळणाची. सायपेरसच्या आजच्या वर्गीकरणात हा भेद कळीचा आहे.

इथेच नावांचा गोंधळ सुरू होतो, आणि त्याला घाबरू नये. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात (1901–1908) किलिंगा, पायक्रिअस, मॅरिस्कस या प्रजाती स्वतंत्र आहेत. त्याआधी हूकरच्या ब्रिटिश भारताच्या ग्रंथात सी. बी. क्लार्क यांनी हे कुल तसेच लावले होते. कारणेही पटण्यासारखी होती: पायक्रिअसला दोनच किंजल्क आणि बाजूंनी चपटे फळ, किलिंगाला गच्च बोंडासारखा फुलोरा. रॉटबोलने किलिंगा 1773 मध्ये वेगळी काढली होती. पण गेल्या दीडेक दशकात डीएनएच्या तुलनेने दाखवले की या सगळ्या सायपेरसच्याच सी-4 शाखेच्या पोटात उगवलेल्या फांद्या आहेत. म्हणून आता त्या पुन्हा सायपेरसमध्ये जमा झाल्या, आणि त्या प्रजातीतल्या जातींची संख्या साडेनऊशेच्या घरात गेली. जुन्या पुस्तकातली किलिंगा ब्रेव्हिफोलिया आज सायपेरस ब्रेव्हिफोलियस आहे. ओलसर हिरवळीवर ती तशीच उभी आहे. माझी स्वतःची पसंती व्यवहारी: वहीत नवे नाव लिहावे, कंसात जुने, आणि लक्षणे दोन्हींहून ठळक.

पुढे जायचे असेल तर सामग्री हाताशी आहे. कल्याण किंवा ठाण्याहून लोकल धरली की मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथून महाराष्ट्राच्या एकदलिकितांचा खंड 1996 साली निघाला. सह्याद्री, किनारा आणि महाराष्ट्रातल्या या कुलावर वदूद खान यांनी अनेक वर्षे काम केले. एलिओकॅरिस वदूदिआय या जातीत त्यांचे नाव राहिले आहे.

नमुने भाद्रपद ते कार्तिक गोळा करावेत, फळे पिकलेली असतात तेव्हा. कोवळ्या फुलोऱ्याने आलेला नमुना घरी आणून उपयोग नाही. चिठ्ठीवर जागा, तारीख, पाणी किती होते, गोडे की खारे, आणि तिथल्या माणसाने सांगितलेले नाव, इतके हवेच. भुईखालचा भाग धुऊन सोबत दाबावा, आणि जाड ग्रंथी उभ्या चिरूनच कागदात ठेवाव्यात. मोथ्याची अखंड ग्रंथी पावसाळी दमट हवेत वर्तमानपत्राच्या घडीतही कोंब काढू शकते.