कांचेंतला समुद्र आणि त्याचा फेस



पावसाळ्याच्या दिवसांत कोंकणच्या किनाऱ्यावर उभें राहिलें म्हणजे ओसरणाऱ्या लाटेमागें वाळूवर रेंगाळणारा पिंवळसर फेस दृष्टीस पडतो. पुष्कळांस तो समुद्राचा निव्वळ खेळ वाटतो. वस्तुतः समुद्र आपला केर काढीत असतो. पाण्यांतील जीव व वनस्पति मरून कुजूं लागल्या म्हणजे त्यांतील प्रथिनें, चरबी वगैरे द्रव्यें पाण्यांत मिसळतात. लाटा त्या पाण्यांत हवा घुसळतात, आणि तीं द्रव्यें बुडबुड्यांना चिकटून किनाऱ्यावर फेंकलीं जातात. घरांत खाऱ्या पाण्याची टांकी ठेवणारास हेंच काम एका यंत्राकडून करवून घ्यावें लागतें. त्यास प्रोटीन स्किमर म्हणतात. तें कसें निवडावें हा आजचा विषय आहे. परंतु कोणत्या अडचणीमुळें तें जन्मास आलें हें कळल्यावांचून निवड डोळसपणें होत नाहीं. म्हणून आधीं थोडा इतिहास सांगतों.

समुद्राचे जीव कांचेंत ठेवून पाहणाऱ्या आरंभींच्या अभ्यासकांत झान व्हिलप्रू-पॉवर या फ्रेंच विदुषीचें नांव अग्रभागीं येतें. सिसिली बेटांत मेसिना येथें १८३२ पासून तिनें कांचेच्या पात्रांत आर्गोनॉट नांवाचे जीव पाळले आणि त्यांचा शिंपला ते स्वतःच घडवितात, दुसऱ्याचा बळकावीत नाहींत, हें सिद्ध केलें. समुद्र दारांतच असल्यामुळें तिला ताज्या पाण्याची वाण नव्हती. खरी कसोटी लागली ती समुद्रापासून दूर असलेल्या लंडन शहरांत. १८४६ सालीं अॅना थिन नांवाच्या बाईनें टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत पोंवळीं लंडनला आणलीं. नित्य नवें समुद्रजल मिळणें शक्य नव्हतें. तेव्हां तिची मोलकरीण उघड्या खिडकीपाशीं बसून तेंच पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतीत असे. त्या मुलीचा हात हाच त्या टांकीचा पंप होता!

पुढें १८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें आपल्या गोड्या पाण्यांतील प्रयोगाचा वृत्तांत विद्वानांपुढें मांडला. माशांना लागणारा प्राणवायु वनस्पति देतात, कुजकीं पानें गोगलगाय खाते, आणि अशा रीतीनें पात्रांतील व्यवहाराचा तोल राहतो, असें त्याचें म्हणणें होतें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस याचा मत्स्यालयावरील ग्रंथ निघाला, आणि सुखवस्तु इंग्रजी घरांतून कांचेंतल्या समुद्राचें वेडच पसरलें.

या वेडाचे दोन परिणाम झाले. एक, घरोघरच्या टांक्यांतील पाणी नासून जीव मरूं लागले. दुसरा त्याहून खेदाचा. मेलेल्यांच्या जागीं नवे आणावयाचे म्हणून लोकांनीं किनाऱ्यावरील खडकांचीं डबकीं खरवडून काढलीं. आपल्या वडिलांच्या सद्‌हेतूनें लिहिलेल्या ग्रंथांनींच हा ओघ किनाऱ्याकडे वळविला, याची खंत गॉसच्या मुलानें, एडमंड गॉस यानें, १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तांत नमूद केली आहे.

पाणी नासण्याचें कारण उघड होतें. वनस्पति प्राणवायु देतात खऱ्या. परंतु माशांची विष्ठा आणि उरलेलें अन्न पाण्यांत विरघळूं लागलें म्हणजे तितक्यानें भागत नाहीं. त्यापासून प्रथम अमोनिया हें विष होतें आणि सूक्ष्म जंतु त्याचें पुढें नायट्रेट करतात. विल्यम आल्फर्ड लॉइड यानें १८७१ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालयांत यावर मोठा उपाय केला. प्रदर्शनाच्या टांक्यांच्या कित्येक पट मोठा अंधारा हौद खालीं बांधून तो त्यांतील पाणी सतत फिरवीत असे. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें तें तर समुद्राच्या कांठींच. पुण्याच्या किंवा नागपूरच्या दिवाणखान्यांत मात्र ना हौद, ना समुद्र. तेथें मीठ कालवूनच समुद्र करावा लागतो.

अशा घरांसाठीं १९६० नंतरच्या दशकांत पश्चिम जर्मनींत एर्विन झांडर प्रभृतींनीं स्किमर प्रचारांत आणला, आणि बर्लिनच्या हौशी मंडळींनीं जिवंत खडक व स्किमर यांची जोडी जमवून पोंवळीं वाढविण्याची पद्धत रूढ केली. त्याचें तत्त्व आपल्याकडील गुऱ्हाळ पाहिलेल्यास चटकन् कळेल. काहिलींत रस उकळूं लागला म्हणजे मळी वर येते आणि गुळव्या ती झाऱ्यानें काढून टाकतो. ती राहिली तर गूळ काळा पडतो. स्किमरमध्यें उष्णतेऐवजीं हवा हें काम करते. प्रथिनाच्या कणाचें एक अंग पाण्याकडे ओढ घेतें, दुसरें पाणी टाळतें. म्हणून तो बुडबुड्याच्या पृष्ठाला चिकटतो. बुडबुडे नळींतून चढतात, त्यांचा घट्ट फेस होतो आणि वरच्या पेल्यांत काळपट घाण सांचते. खाऱ्या पाण्यांत बुडबुडे बारीक राहतात, एकमेकांत मिसळत नाहींत. म्हणूनच गोड्या पाण्याच्या लहान टांकीस हें यंत्र फारसें उपयोगी पडत नाहीं. कुजण्यापूर्वींच घाण बाहेर काढणें हा त्याचा विशेष. एकदां तयार झालेलें नायट्रेट मात्र तें काढूं शकत नाहीं.

आतां निवडीविषयीं. यंत्रावर छापलेला लिटरचा आंकडा बहुधा थोडे मासे असलेल्या टांकीस धरून असतो. मासे अधिक असतील तर त्याहून कांहींसें मोठें यंत्र घ्यावें. पण फारच मोठें घेऊं नये, कारण पुरेसें खाद्य न मिळाल्यानें त्यांत फेस टिकत नाहीं. लांकडी छिद्रमय ठोकळ्यांतून हवा सोडणारें यंत्र स्वस्त व साधें असतें, पण ठोकळा वरचेवर बदलावा लागतो. कांटेरी चक्रानें हवा चिरणारें यंत्र हल्लीं अधिक प्रचारांत आहे. तें कमी विजेंत पुष्कळ बारीक बुडबुडे देतें. तें ज्या पाण्यांत ठेवावयाचें त्याची पातळी स्थिर हवी, नाहींतर फेस कधीं ओसंडतो, कधीं चढतच नाहीं. पेला सहज निघून धुतां यावा, कारण नळीला चरबी लागली कीं फेस खचतो. नवें यंत्र ठीक चालूं लागण्यास कांहीं दिवस जातात. पहिल्याच दिवशीं त्यास नांवें ठेवूं नयेत.

तथापि यंत्र कितीही चांगलें असलें तरी हिशेब माशांपासूनच सुरू होतो. १९६१ सालीं जाकार्ताच्या ली चिन एंग यानें स्किमरवांचून, केवळ जिवंत खडक व थोडी हवा यांवर टांकी चालविण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. त्या पद्धतींत टांकीला झेपतील तितकेच जीव ठेवणें हें मुख्य. ज्याला हें पथ्य पाळवत नाहीं त्याला कोणतेंही यंत्र तारणार नाहीं. आणि टांकीत मेलेल्या प्रत्येक जीवाच्या जागीं दुसरा कोणत्या तरी किनाऱ्यावरून उचलला जातो, हें विसरूं नये. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें २००१ पासून खडक बांधणाऱ्या पोंवळ्यांना संरक्षण दिलें आहे. किनारा ओरबाडला गेल्यावर होणारी हळहळ इंग्लंडनें शंभर वर्षांपूर्वींच भोगली.

म्हणून आपल्या टांकींत किती व कोणते जीव राहतील हें आधीं कागदावर लिहावें, मग टांकी ठरवावी आणि स्किमर सर्वांत शेवटीं विकत घ्यावा. पेल्यांत रोज सांचणारी ती काळपट घाण ओतून देतांना तिच्याकडे क्षणभर पाहावें. आपण मुठीनें किती खाद्य टाकलें, त्याचा जमाखर्च तींत लिहिलेला असतो.